गावातल्या मुलामुलींना चांगल्या सवयी लावायच्या तर सुरुवात शिबिरापासून नको

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातलं दोनेक हजार वस्तीचं गाव आणि तुम्ही पहिल्यांदाच ग्रामपंचायतीवर निवडून आलात. 14 ते 22 वयाची पोरं पारावर नाहीतर टपरीच्या बाकड्यावर मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली असतात, गालात पुडी असते. मुली शाळा सुटली की घरात, त्या दिसतच नाहीत. ग्रामपंचायतीकडून दीडएक लाख रुपये निघू शकतात. बेत असा, की एक मोठं आरोग्य शिबिर, व्यसनमुक्तीवर एक व्याख्यान आणि उरलेल्या पैशात ओपन जिम. आणि तुम्ही विचारताय, की या मुलांमध्ये आरोग्याची जागृती कशी करायची.

मी बीड, लातूर, धाराशिव भागात याच वयाच्या मुलामुलींसोबत काम करतो. माझं स्पष्ट मत आहे, की तुमच्या गावात जागृती कमी नाही. पुडी फोडताना तिच्यावरचा सडलेल्या तोंडाचा फोटो पोरगा रोज बघतो. पालेभाजीचे फायदे लिहून मुलीने निबंधात दहापैकी आठ मार्क घेतलेले असतात. संध्याकाळी साडेपाचला जायला एक जागा, सोबतीला चार जण आणि घरच्यांनी अडवू नये असं एखादं कारण, एवढं मात्र दोघांकडेही नसतं. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी तेच ते करत राहिलं तरच गोष्ट अंगवळणी पडते. लंडनमध्ये झालेल्या एका अभ्यासात नवी सवय आपोआप व्हायला सरासरी 66 दिवस लागतात असं दिसलं, पण माणसागणिक हा आकडा 18 पासून 254 पर्यंत गेला. एका दिवसाच्या शिबिराने सवय लागत नाही हे कळायला अभ्यास लागत नाही, पण ग्रामपंचायतीच्या बैठकीत 'दोन महिन्यांत निकाल दाखवा' असं कुणी म्हणालं तर हा 254 कामाला येतो.

तेव्हा खरा प्रश्न असा: गावात रोज चालू राहील अशी एक गोष्ट कोणती, आणि ती चालवणार कोण?

याचं उत्तर गावागणिक बदलतं. तुमचा पट्टा ऊसतोडीचा. उचल म्हणजे आगाऊ मजुरी घेतलेली कुटुंबं दसरा-दिवाळीला टोळीबरोबर निघतात ती मार्च-एप्रिलला परततात. काही मुलं आईबापाबरोबर फडावर जातात, काही आजीजवळ राहतात, आणि मागे राहिलेल्या मोठ्या मुलीवर अख्खं घर पडतं. अशा गावात बहुतेक उपक्रम दिवाळीनंतर सुरू होतात, कारण तेव्हा पाहुण्यांना वेळ असतो आणि हवा छान असते. पण तेव्हाच निम्मी मुलं गावात नसतात. तुम्ही जूनमध्ये सुरू करा. म्हणजे टोळ्या हलायच्या आत चार महिने मिळतील. आणि गट चालवणारी पोरं निवडताना हिशेब ठेवा: एक जाणाऱ्या घरातला, एक राहणाऱ्या. सगळे पुढारी राहणाऱ्यांतले झाले तर एप्रिलमध्ये परत आलेल्या मुलांना हा कार्यक्रम आपला वाटत नाही. गावात हंगामी वसतिगृह चालत असेल तर तिथल्या मुलांची नावं पहिल्या दिवसापासून गटात घाला.

दुसरी गोष्ट रात्रीच्या विजेची. शेतीपंपाला रात्रीची पाळी असली की हरभरा-गहू भिजवायला घरातला तरुण पोरगाच जातो. पहाटे चारला दारं मोडून, म्हणजे पिकाला पाणी देऊन आलेल्या मुलाला 'पाचला मैदानावर ये' म्हणणं म्हणजे त्याची चेष्टा. म्हणून पहाटेचा गट आणि संध्याकाळचा गट असे दोन ठेवावे लागतात आणि इकडून तिकडे जायची मोकळीक द्यावी लागते. आणि एक सांगून ठेवतो, दहावीला चांगले मार्क पडलेली मुलं लातूरला क्लासला जातील. त्यांच्यावर पुढारीपण टाकू नका, दोन वर्षं ती तुमची नाहीत.

आता कुठून सुरू करायचं? तुमच्या गावात एक उपक्रम आधीपासून चालू आहे, फक्त त्याला तुम्ही आरोग्याचा कार्यक्रम म्हणत नाही. पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर पळणारी भरतीची पोरं. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक, अशी 50 गुणांची मैदानी चाचणी असते. त्यासाठी ही पोरं कुणी न सांगता उठतात, रात्री लवकर झोपतात, बऱ्याचदा तंबाखूही आवरतात. कारण दम लागतो हे त्यांना घड्याळच सांगतं. एवढी शिस्त गावात फुकट उभी आहे. तिला बाजूला ठेवून ओपन जिमपासून सुरू करणं मला पटत नाही.

भरतीच्या पोरांना दोन गोष्टी द्या आणि एक मागा. द्यायचं ते म्हणजे पळायला सुरक्षित जागा आणि अचूक मोजमाप. कारखाने चालू झाले की पहाटेच्या अंधारात उसाच्या ट्रॉल्या असतात, मागे दिवा नसतो, आणि पोरं त्याच रस्त्यावर कानात इअरफोन घालून पळतात. शाळेचं मैदान नाहीतर पाझर तलावाकडचा कच्चा रस्ता टेपने मोजून, चुना टाकून द्या. एक स्टॉपवॉच द्या. आणि मागायचं एवढंच, की आठवीपासूनच्या मुलांना आठवड्यातले तीन दिवस सोबत घ्या. लहान पोरं आमच्या व्याख्यानापेक्षा 5 मिनिटं 20 सेकंदांत 1600 मारणाऱ्या दादाचं ऐकतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

यातला धोकाही सांगतो. भरतीचं पळणं नोकरीसाठी असतं. निकाल लागला, नाव नाही आलं, की बूट खुंटीला. "आता कशाला पळायचं सर, वय गेलं की," असं पंचविशीतला पोरगा म्हणतो, आणि वर्षभरात पोट सुटून तोच टपरीवर दिसतो. त्यामुळे गटाचं नाव 'भरती ग्रुप' ठेवू नका. आठवड्यातून एक दिवस वेळ न लावता खेळ ठेवा, कबड्डी किंवा व्हॉलीबॉल, ज्यात नापास झालेला आणि न बसलेला दोघेही येतील. आणि भरतीच्या तोंडावर कुणी ताकदीचं इंजेक्शन, दुखण्याच्या गोळ्या किंवा एनर्जी ड्रिंकचे डबे पुरवत असेल तर तिथे मात्र भीड ठेवू नका, थेट आईबापांना सांगा.

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे तुमच्याच जिल्ह्यातला. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्य, पुढच्या वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. त्याचा फोटो शाळेत लावाच, पण मुलांना हेही सांगा, की गावात असताना तो पदकासाठी पळत नव्हता. शाळा लांब होती म्हणून चालत-पळत जायचा. स्टीपलचेस सुरू झालं ते सैन्यात गेल्यावर. पदकापेक्षा ही शाळेची वाट तुमच्या पोरांना जवळची आहे.

मुलींचं काम वेगळं आहे आणि त्यावर तुम्ही सगळ्यात जास्त जोर लावावा असं मला वाटतं. शिवाय बाई सदस्य असल्याने ते तुम्हाला जमेलही. 15 ते 19 वयाच्या मुलींमध्ये देशात 59 टक्के रक्तक्षय असल्याचं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. याच पाहणीत अठराच्या आत लग्न झालेल्या मुलींचं प्रमाण राज्यात 21.9 टक्के होतं, आणि बीड-परभणीत ते साधारण त्याच्या दुप्पट. म्हणजे आठवीतल्या ज्या मुलीला तुम्ही पळवणार आहात, तिच्या हाताशी कदाचित तीनच वर्षं आहेत. तिचं मैदानावर रोज दिसणं म्हणजे ती शाळेत आहे, घरी कुणी तिच्या लग्नाच्या घाईवर आलेलं नाही, याचीही खूण असते.

मुलींना मैदानावर आणायला मुलींना समजावून उपयोग नाही, त्या तयारच असतात. आधी बचत गटाच्या बैठकीत आयांशी बोला. तिथे 'व्यायाम' हा शब्द पहिल्यांदा काढू नका. रक्ताचं बोला, पाळीच्या दुखण्याचं बोला, धाप लागते त्याचं बोला. आया पहिल्यांदा विचारतात ते तीनच प्रश्न: किती वाजता सोडणार, पोरं तिथं असणार का, आणि घालायचं काय. माझी उत्तरं ठरलेली आहेत. शाळा सुटल्या सुटल्या तासभर, म्हणजे पाण्याच्या आणि स्वयंपाकाच्या वेळेच्या आत घरी. मुलांचा गट त्या वेळी त्या मैदानावर नाही. कपडे शाळेचेच, सलवार-कमीज चालते, ओढणी कमरेला बांधायची, बूट नसले तरी चालतील.

एका गावात पहिले आठ दिवस आम्ही आयांनाच मैदानावर बोलावलं होतं. त्या कडेला बसल्या, शेंगा निवडत. मुली खो-खोला बसल्या आणि तिसऱ्या दिवशी चाळिशीची एक बाई पदर खोचून उठली, "मी शाळेत असताना लई पळायची," म्हणत दोन चकरा मारून गेली. त्या दिवसानंतर त्या गावात परवानगीचा विषय कुणी काढला नाही. खो-खोच घ्या असं मी सुचवतो. दोन खांब आणि चुना, एवढाच खर्च. शिवाय बसल्या जागेवरून उठून एकदम पळावं लागतं, त्यामुळे तासाभरात चांगला घाम निघतो. या वयाला जागतिक आरोग्य संघटना रोज साठ मिनिटांची हालचाल सांगते. 'घरात दोन हंडे पाणी आणते, अजून काय पाहिजे' असं कुणी म्हणेल. आणते, खरंय. पण त्या कामात तिच्या मैत्रिणी नसतात आणि हसणं नसतं, म्हणून संधी मिळाली की ती ते टाळणारच.

रक्तक्षयासाठी सरकारची लोहाची निळी गोळी आठवड्याला एक, शाळेत मिळते. शाळा सोडलेल्या मुलींना अंगणवाडीतून. जंताची गोळी वर्षातून दोनदा. गोळी येते पण पोटात जात नाही, दप्तरात राहते, कारण मळमळतं आणि शी काळी होते. काळी शी होणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हे कुणीतरी आधी सांगायला हवं असतं. उपाशीपोटी घ्यायची नाही, आणि गोळीच्या आगेमागे तासभर चहा नाही, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबू पिळलेलं काहीही चालेल. मैदानावर आठवड्याचा एक वार ठरवून सगळ्यांनी मिळून गोळी घेतली की दप्तराचा प्रश्न सुटतो. ताई, तेवढं आशाताईंना सोबत घेऊन करा.

आता पुडी. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, अठराच्या आतल्यांना तंबाखू विकायला आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विकायला कायद्याने मनाई आहे. टपरीवर काय लटकतं हे तुम्हाला माहीत आहे. शाळेजवळची टपरी हलवायचा ठराव ग्रामसभेत जरूर घ्या, पण पहिल्या महिन्यात नको. टपरीवालाही गावचाच, त्याच्या घरी भांडण लागलं की तुमचा कार्यक्रम एका भावकीचा होऊन बसतो. आधी मैदान भरू द्या.

सोडू इच्छिणाऱ्या मुलांना 'इच्छाशक्ती' वगैरे सांगत बसू नका. त्यांची अडचण फार नेमकी असते. "पुडी टाकल्याशिवाय परसाकडं होत नाही" हे वाक्य मी शेकडो तोंडून ऐकलंय. निकोटिनने आतडं हलतं आणि शरीराला त्याची सवय झालेली असते, त्यामुळे ते खोटंही नाही. उठल्यावर दोन तांबे कोमट पाणी, रात्री पालेभाजी आणि पहाटेचं पळणं, आठवड्या-दोन आठवड्यांत ते मार्गी लागतं. जेवणानंतरच्या तलफेला बडीशेप-ओवा. आणि सोडायचा दिवस एकट्याने ठरवायचा नाही. तुमच्या गावात अखंड हरिनाम सप्ताह होत असेल तर त्याचा पहिला दिवस धरा. तंबाखू सोडल्यावर पहिले तीन-चार दिवस सगळ्यात कठीण जातात, आणि सप्ताहात ते मंडपात, पंगतीत, लोकांत जातात, पुडी पुढे करणारं कुणी नसतं. काल्यापर्यंत तग धरलेल्या मुलाला पुढच्या दोन-तीन आठवड्यांसाठी मैदान आहेच. फोनवर मदत लागली तर तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन 1800-11-2356 मोफत आहे.

"मी तंबाखू नाही खात, नुसती सुपारी" म्हणणाऱ्यांना एक तपासणी शिकवा. स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून उभी तोंडात घालायची. जात नसतील तर जबडा आखडायला लागला आहे, आणि ते काम सुपारीचंच. अशा मुलाला थेट दातांच्या डॉक्टरकडे पाठवा. संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. ही तपासणी पोरं एकमेकांची हसत-खिदळत करतात, आणि ज्याची बोटं अडकतात तो एकदम गप्प होतो. त्या वेळी त्याच्या शेजारी बसा, सगळ्यांपुढे काही बोलू नका.

खाण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण तुमच्या भागाला खाणं शिकवायची गरज नाही. येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला शेतात भज्जी, आंबील, उंडे याच पोरांनी बोटं चाटत खाल्लेले असतात. अडतं ते सकाळी. तालुक्याला कॉलेजला जाणारं पोरगं सातच्या एसटीला चहा-बिस्किटावर निघतं, अकराला स्टँडवर समोसा खातं, तीनला घरी येऊन जेवतं. तेवढी एक वेळ सुधारा. रात्रीचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात, नाहीतर खिशात मूठभर फुटाणे-गूळ. पाच रुपयांच्या कुरकुरीत पाकिटावर बंदी घालून काही होत नाही, पण पोट भरलेलं असलं की हात तिकडे कमी जातो. सोयाबीन आल्यापासून घरची ज्वारी कमी झाली हे खरं, तो विषय मोठा आहे आणि पोरांच्या हातातला नाही.

मोबाईलवरही भाषण नको. पाचला उठायचं असेल तर दहाला डोळे मिटतात. संध्याकाळच्या गटाला हे लागू होत नाही, तिथे एवढंच ठरवा, की फोन रात्री चार्जिंगला लावायचा तो झोपायच्या खोलीबाहेर. मात्र एखादा पोरगा ऑनलाइन रमीत पैसे हरलाय, घरी कर्ज आहे, बोलायचा बंद झालाय असं दिसलं तर ते सवयीचं प्रकरण उरत नाही. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक मैदानाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीन मुलामुलींसाठीचं 'मैत्री' क्लिनिक कोणत्या दिवशी चालतं, तेही विचारून खाली लिहा.

इथवरचं थोडक्यात: जूनमध्ये सुरुवात, भरतीच्या पोरांभोवती मुलांचा गट, शाळेनंतर मुलींचा खो-खो, सप्ताहात तंबाखू सोडणं, सकाळचा डबा. याला पैसे फारसे लागत नाहीत, म्हणून दीड लाखाचं शेवटी.

ओपन जिमची हिरवी-पिवळी यंत्रं मी बऱ्याच गावांत पाहिली आहेत. पहिले पंधरा दिवस लहान मुलं झोके घेतात, मग बेअरिंग जातं, मग त्यावर गोधड्या वाळत असतात. त्याऐवजी मैदानाचे खड्डे बुजवून मुरूम टाका, दोन एलईडी दिवे लावा, पिण्याच्या पाण्याची टाकी बसवा, आणि शाळेचं मुलींचं स्वच्छतागृह पाण्यासकट दुरुस्त करा. यातलं शेवटचं आधी. पाळीच्या चार दिवसांत मुलगी मैदानावर येईल की नाही, ते त्या दाराच्या कडीवर ठरतं. महिला व बालकल्याणासाठी ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातून दहा टक्के खर्च करावे लागतात, तो मार्ग ग्रामसेवकांना विचारा. गाव आरोग्य समितीकडे वर्षाला दहा हजारांचा मुक्त निधी असतो. वजनकाटा, टेप, स्टॉपवॉच त्यातून बसतं का ते बघा.

शिबिर घ्यायचंच असेल, आणि सरपंचांना ते हवं असणारच, तर तीन महिन्यांनंतर घ्या, मैदानावर घ्या, आणि हिमोग्लोबिन तपासलेल्या मुलींची यादी उपकेंद्राच्या डॉक्टरांकडे देऊन त्याच मुलींची पुन्हा तपासणी तीन महिन्यांनी होईल एवढं लेखी घ्या. पंधरा ते एकोणीसच्या मुलीला 12 च्या खाली म्हणजे कमी, एवढा आकडा सगळ्या आयांना पाठ असला पाहिजे.

हजेरीची वही मुलांनाच लिहू द्या, पण दर महिन्याला तुम्ही स्वतः एकदा उघडा. किती आले ते बघू नका, कोण यायचं थांबलं ते बघा, आणि त्याच आठवड्यात त्या घरी चहाला जाऊन या.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात आलेली नाही, ती कळवा: गावातली शाळा सातवीपर्यंत आहे की दहावीपर्यंत? सातवीपर्यंतच असेल तर मोठ्या मुली बाहेरगावच्या शाळेतून उशिरा परततात, आणि मग त्यांच्या गटाची वेळ एसटीच्या वेळापत्रकावरून ठरवावी लागेल.